रेड्याला नंदी म्हणणारी माणसं

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. लेक-जावई जपतात, गुडघाही फार कुरकुरत नाही.

इथल्या मंडळानं देवादिकांवर कलाप्रदर्शन ठरवलंय. मीही मातीचा रेडा केला, यमाचा. भट्टीत छान भाजला गेला, एक शिंग तेवढं वाकडं. परवा अध्यक्षीणबाई आल्या. “अय्या, किती गोड नंदी!” म्हणत हात जोडले. पुराणं तोंडपाठ असल्याचा आव, आणि बैल-रेडा कळेना!

खरं सांगितलं तशा मागं सरकल्या. “शी, अपशकुन! पाटीवर नंदीच लिहू या. नाहीतर सावित्री करा ना, नवऱ्याला परत आणणारी.”

मी म्हटलं, “बाई, ते जमलं असतं तर माती कशाला मळत बसले असते?”

रेडा उचलून घरी आणला. तुझ्या दाजींना घेऊन गेला त्याला खोटं नाव देऊ? असल्या चार टाळ्यांसाठी? मिरवू देत त्यांना त्यांचे नंदी.

तुझा खोकला थांबला का? औषध चुकवू नकोस. माझं माहेर आता तूच.

रेडा माझ्या उशाशी असतो. पाठ मोकळी ठेवलीय. पण घाबरू नकोस, मला बसायची घाई नाही.

तुझी,
ताई