डोक्यातली जमावबंदी

४ जानेवारी
झटके येणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो! डॉक्टर आपल्याशी बोलतच नाहीत, शेजारी बसलेल्या नातेवाइकाशी बोलतात. हा अन्याय किती दिवस सोसायचा?
— टाळ्या नाहीत. कागद मख्ख.
आज मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, "यांना झोप लागते का?" मी काय कुंडीतलं झाड आहे? ताई म्हणाली, "त्यालाच विचारा. पण मग आपलं जेवण बुडेल."
गोळ्या बदलून झाल्या, झटके हटत नाहीत. आता शस्त्रक्रिया. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र. झटका म्हणजे पेशींनी एकाच तालात दिलेली घोषणा. ती ज्या नाक्यावरून पसरते, तिथे विजेचे हलके ठोके देत राहायचे. ताल मोडतो.
म्हणजे जमावबंदी! युनियनच्या सभांतून जन्मभर जिच्याविरुद्ध घसा फोडला, ती आता डोक्यातच लावून घ्यायची!
"पूर्ण थांबतील असं नाही. कमी होतील, तेही सावकाश. गोळ्या चालूच," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून. प्रगती!

१९ जानेवारी
ताईने बॉम्बच टाकला. बाईंनी छोट्या झटक्यांचं विचारलं, तर म्हणते, "प्रत्येक भाषणात एखादा असतोच. गप्प होतो, टक लावून बघतो. भानावर आला की मी मागून पुढचा शब्द सांगते."
माझा तो गाजलेला विराम! ज्यावर लोक सभागृह डोक्यावर घेतात! छापखान्यातले कामगार ज्याची नक्कल करतात! मला तर त्यातल्या फक्त टाळ्या आठवतात.
"सांगितलं का नाहीस?"
"अरे भोंग्या, गप्प बसलास की तेवढीच विश्रांती."
एकदा मंचावर कोसळलो, तेव्हापासून ताईची खुर्ची माझ्या मागे. सावरायला. इतकी वर्षं तिने माझी पाठच ऐकली.

२ मार्च
झाली शस्त्रक्रिया. टक्कल, टाके, ताईचं हसू.

६ एप्रिल
आज यंत्र चालू केलं. "कधी करणार?" बाईंना विचारलं. "मघाशीच केलं." मला पत्ताच नाही! इतका शांत कार्यकर्ता युनियनमध्ये एकही नाही.

११ सप्टेंबर
पूर्वी आठवडा कोरडा जात नसे. आता महिन्यातून एखादा झटका. सरचिटणीस मात्र नाराज — "तब्येत सुधारली, पण भाषण पडलं हो. तो विराम कुठे गेला?"
ताईला म्हटलं, खुर्ची हलव आता. "बघू." म्हणजे नाही.

३ ऑक्टोबर
कामावरून काढलेल्यांची सभा. "यांच्या घरी आज—" म्हणालो, आणि समोर त्यांचे चेहरे. थांबलो. मागे खुर्ची सरकली. काखेत ताईचा हात, कानात पुढचा शब्द.
"नाही ताई," मी म्हटलं. माइक चालूच होता. "हा माझा मी थांबलोय. तू खाली उतर आणि पहिल्या रांगेत जाऊन बस!"