आमसुलाच्या कढीचं मूळ

रविवार, १५ सप्टेंबर १९९१
उल्हासनगर

पदार्थांच्या उगमावर दिवाळी अंकाला लेख देते म्हटलं, आणि सोपा म्हणून आमच्याच घरची कढी निवडली. डोकं फिरलं होतं माझं!

बेसनाची कढी, त्यात भेंडी, शेवग्याच्या शेंगा आणि वरून आमसूल. आईला विचारलं तर म्हणे, "आपली कढी ताकाची. ही शेजारच्या लाजोची, सिंध्यांची." बरं. भिंतीपलीकडे लाजोआंटीकडे गेले, तर ती हसायलाच लागली. "हमारे में इमली पडती है बेटा. ये आमसूलवाली तो तेरी मम्मीची."

परत आईकडे. "माझी? मी कशाला बेसनाची कढी करायला जाईन?" परत आंटीकडे. दिवसभर ह्या दारातून त्या दारात, आणि ते आमसूल पदरात घ्यायला कुणी तयार नाही! लोक पदार्थ आपला म्हणून भांडतात, या दोघी तुझा तुझा म्हणून भांडतायत.

शेवटी चिडून आईला म्हटलं, आपली नाही तर दर रविवारी करतेस कशाला?

"लाजोला वाटीभर द्यायला. तिला आवडते."

तेच आंटीला विचारलं.

"तेरी मम्मीला आवडते ना, म्हणून."

म्हणजे दर रविवारी त्याच कढीच्या दोन वाट्या इकडून तिकडे, तिकडून इकडे! संपादकांना मूळ एका ओळीत हवंय. लिहून टाकलं, भिंतीपलीकडून आली. दोघींपैकी कुणीही खोटं म्हणून दाखवावं.