तिरकी बसलेली खोली

आई, वेल्समधल्या त्या कॅम्पसाइटवर आपल्या मोटरहोमची खोली अडकली, ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा गेल्यावर तू ब्रिस्टलला आमच्याकडे कायमची राहायला आलीस, त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. मी ती जुनी अमेरिकन गाडी हौसेनं घेतली होती. गाडी उभी केली की बटण दाबायचं, मग एका बाजूची भिंत पलंगासकट ड्रॉवरसारखी बाहेर सरकायची आणि आत ऐसपैस खोली व्हायची. निघताना पुन्हा बटण दाबून ती आत घ्यायची. तुला हा प्रकार मुळीच आवडला नव्हता. "घराची भिंत कधी हलते का रे?" असं म्हणत तू गाडीभोवती फेरी मारलीस आणि मग ती कुणाकडून घेतली, त्यानं का विकली, अशी माझी उलटतपासणी केलीस. संशय घेण्यात तुझा हात कुणी धरला नसता. मीही तुझाच मुलगा, मी तरी कुठे मागे होतो.

परतीच्या सकाळी पाऊस भुरभुरतोय. मी बटण दाबतो. मोटर घरघरते, खोलीचं पुढचं टोक आत येतं आणि मागचं, जिकडे तुझी उशी आहे ते, हलायलाच तयार नाही. खोली तिरकी होऊन बसते. बाहेर काढतानाही जरा कुरकुरली होती, पण मी लक्ष दिलं नव्हतं. "गंडवलं त्या विकणाऱ्यानं," मी म्हणतो. शेजारच्या कॅरव्हॅनमधला म्हातारा छत्री घेऊन येतो. "नीड अ हँड, मेट?" तू खिडकीतून मला बजावतेस, "कालपासून इकडेच घुटमळतोय तो. उगाच कोण कुणाला मदत करतं?" खरं सांगतो, मलाही ते क्षणभर पटलं होतं. मी गाडीखाली शिरून पाहतो. रूळ शाबूत आहेत, दाते शाबूत आहेत, फक्त मागचा कोपरा खाली झुकलाय. त्या कोपऱ्यावर काहीतरी जड आहे.

"आई, जरा ऊठ. पलंगाखाली बघायचंय."

"खाली काही नाही. माझे गुडघे धरलेत."

"आई, फक्त टू मिनिट्स इकडे बसा ना," तुझी सून म्हणते. "चेकआउटची वेळ झालीय, लोक वाट बघतायत."

लोक वाट बघतायत हे ऐकून तू पलंगाची कड आणखी घट्ट धरतेस. तेव्हा मला पहिल्यांदा तुझाच संशय येतो.

शेवटी आम्ही दोघांनी तुला धरून खुर्चीत बसवलं आणि मी पलंगाची फळी उचलली. आत तांदळाची गोणी, डाळींनी भरलेले स्टीलचे डबे, गूळ, लोखंडी खलबत्ता. त्यामागे तुझ्या झाडून सगळ्या साड्या आणि थंडीतला कोट. आणि एका टॉवेलात गुंडाळलेले देव. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, सगळे. दोन दिवसांच्या सहलीला देव्हारा रिकामा करून कुणी निघत नाही. देव हलवतात ते घर सोडताना.

"देव कशाला आणलेस?"

"जिथे ठेवाल तिथे लागतील ना," तू म्हणालीस. आवाज अगदी साधा होता.

मग हळूहळू उलगडलं. ब्रिस्टलच्या मराठी मंडळातल्या एका आजींना त्यांचा मुलगा हवापालट म्हणून समुद्रावर घेऊन गेला आणि तिथल्याच केअर होममध्ये ठेवून आला, हे तू हळदीकुंकवाला ऐकलं होतंस. मी समुद्राकडे जाऊ म्हटलं आणि तू न भांडता, न विचारता सामान भरलंस. तुझ्या सुनेला रडू आलं. मला मात्र राग आला. "मी तसा वाटतो तुला?" मी ओरडलो. तू म्हणालीस, "त्याही म्हणायच्या, माझा मुलगा तसा नाही."

सामान गवतावर उतरवलं. तो म्हातारा आणि तुझी सून बाहेरून मागच्या कोपऱ्याला खांदा लावून उभे राहिले, मी बटण धरून ठेवलं, आणि खोली करकरत सरळ झाली, आत आली. तू देव मांडीवर घेऊन पुढे बसलीस. मोटरवेला लागेपर्यंत प्रत्येक वळणावर विचारत होतीस, "हा आपलाच रस्ता ना?" घरी पोचल्यावर देव पुन्हा जागेवर बसले. पण त्यानंतर साधं सुपरमार्केटला न्यायचं म्हटलं तरी तू आधी माझ्या तोंडाकडे बघायचीस. मी कितीदा शपथा घेतल्या. तू मान डोलवायचीस, आणि तुला पटलेलं नाही हे मला कळायचं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहू शकतोय. तू गेलीस ती आमच्या घरात, तुझ्या खोलीत, माझ्या हातून पाणी पिऊन. तुझी सून हंबरडा फोडून रडत होती. मी तुझे डोळे मिटवले, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच: आता तरी पटलं?