बदलीबाईंच्या गाडीतली बदली चिप

तीर्थरूप (आणि सध्या रागरूप) दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (मी आत्ता जिथे बसले आहे तिथे अष्टांगं सोड, दोन पायही धड पसरता येत नाहीत. तेव्हा मानेनेच केलाय, गोड मानून घे.) तुझी तब्येत ठीक असणारच, रागावलेली माणसं सहसा आजारी पडत नाहीत. वहिनींचा गुडघा पुष्कळ बरा दिसतोय. आईची प्रकृती कशी आहे असं मी विचारत नाही, कारण ती उत्तम आहे. कागद खाकी आहे आणि त्याला इस्त्रीचा वास येतोय, तिकडे लक्ष देऊ नकोस. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मी तुला सुरू करू देत नाही, म्हणून. पत्रात कसं, माझं सगळं बोलून होईपर्यंत तुला मधे तोंड घालता येत नाही.

आता मुद्दा. मी ही इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस, बॉनेट उघडायला लावलंस, आत डोकावलंस आणि रिकाम्या कपाटात बघावं तसा चेहरा केलास. मग सगळ्यांसमोर म्हणालास, ही गाडी एकदा, फक्त एकदा, काही कुरकुर न करता माझ्या गॅरेजच्या दाराशी आणून दाखव, मग आईला खुशाल घेऊन जा, हवे तितके दिवस ठेव. वहिनी साक्षीला होत्या. आईही होती, पण तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा तेव्हा तावातावाने सांगून टाकलं की या गाडीला तुझ्या गॅरेजमधल्या एकाही वस्तूची जन्मात गरज पडणार नाही. मी त्या शब्दावर ठाम आहे. (जवळजवळ.) तर दादा, तुला कळवायला आनंद होतो की गाडी आता सुधारली आहे, आणि तुझी अट पुरी झाल्यात जमा आहे. मधल्या काळात ज्या बारीकसारीक गमती झाल्या त्या तुझ्या कानावर तिखटमीठ लावून गेल्या असतील, म्हणून खरी हकीकत माझ्याकडूनच ऐक.

या गाडीला फोनसारखे अपडेट येतात. गाडी अंगणात उभी असते, हवेतून काहीतरी येतं, आणि सकाळी गाडी कालच्यापेक्षा शहाणी झालेली असते. पहिला अपडेट आला त्या सकाळी मी बाजारातून येत होते. चौकात दिवा हिरवा झाला, पुढचा माणूस हलेना, म्हणून मी हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, डिकी उघडली. मागच्या गाडीतले गृहस्थ सज्जन होते. ते उतरले, डिकी हलक्या हाताने लावली आणि मला नमस्कार केला. आता एवढ्या भल्या माणसाचे आभार मानायला नकोत का? मी हॉर्न दाबला. डिकी उघडली. ते पुन्हा उतरले. या वेळी नमस्कार केला नाही, पण लावली. मग मला वाटलं की या माणसाला आपण मुद्दाम करतोय असं वाटायला नको, निदान काच खाली करून माफी मागावी. हात बाहेर काढायला गेले आणि कोपर नेमकं हॉर्नवर टेकलं. त्यानंतर ते उतरले नाहीत. माझे दुधी आणि बटाटे रस्त्यावरून त्यांच्या दिशेने गेले तेव्हाही नाही. (माणसाच्या सज्जनपणाला किती वेळा हाक मारायची याला मर्यादा असते, हे मी त्या दिवशी शिकले.)

दुसऱ्या अपडेटने हॉर्न ताळ्यावर आला. मात्र गाडीला भास व्हायला लागले. मी एकटी असले तरी ती गंभीर आवाजात म्हणायची, मागच्या प्रवाशाने पट्टा बांधावा. मागे कुणी नाही. मी म्हटलं, वाद कशाला, आणि मागच्या सीटवर नुसताच पट्टा अडकवून टाकला. तरी चालूच. शेवटी ह्यांची छत्री उभी करून तिला पट्टा बांधला तेव्हा कुठे बाईंचं समाधान झालं. त्यानंतर एक दिवस खुद्द हे मागे बसले. मुद्दाम पट्टा न बांधता बसले, बघू तरी काय म्हणते म्हणून. गाडी गप्प. चकार शब्द नाही. ह्यांनी खोकून पाहिलं, जागेवर उड्या मारून पाहिलं. गाडीच्या लेखी मागे कुणी नव्हतंच. हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, आणि जेवताना एवढंच म्हणाले की घरात सवय आहे, पण गाडीकडून अपेक्षा नव्हती. मला हसू आवरेना, आणि त्यांना ते आवडलं नाही.

तेव्हा मात्र मी तडक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे काचेच्या खोलीत एक इंजिनीयर बसतो. त्याने गाडीला वायर लावली, बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं आणि मग घरातली भानगड सांगावी तशा आवाजात मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, तुमच्या गाडीतली एक चिप मूळची नाही, बदली आहे. झालं होतं असं की आपली गाडी बनत होती तेव्हा ठरलेल्या चिपा मिळेनात. गाड्या नुसत्या उभ्या करून ठेवण्यापेक्षा कंपनीने दुसऱ्या कारखान्याची, तेच काम करणारी चिप बसवली. दिवे, हॉर्न, पट्टे, कुलपं, काचा हा सगळा घरगुती कारभार तिच्याकडे. (ब्रेक आणि मोटर यांचं खातं वेगळं, त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. हे मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, कारण तू पहिलं तेच विचारणार.) चिप हुशार आहे, तिच्यात खोट नाही. पण सॉफ्टवेअर आधी मूळच्या चिपेसाठी लिहितात, मग हिला कळेल असं फिरवून लिहितात. त्या फिरवाफिरवीत कुठे पाय घसरला की हॉर्नचा निरोप डिकीला जातो.

दादा, तो 'बदली' म्हणाला मात्र, आणि माझा त्या गाडीवरचा सगळा राग पळाला. अरे, सबंध शाळेने ज्या बाईला 'बदलीबाई' म्हणून हाक मारली तिच्यासमोर तो हे सांगत होता! कायम बाई बाळंतपणाला गेल्या की बदलीबाई, कायम बाईंचं हाड मोडलं की बदलीबाई. आणि जाताना कायम बाई काय ठेवून जायच्या? एक वेळापत्रक, तेही त्यांना एकटीला कळेल असं. पाचवीच्या वेळापत्रकात एका तासापुढे नुसतं 'ग.' लिहिलं होतं. मी गायन समजले. त्या तासाला मुलींकडून मी इतकी सुंदर गाणी बसवून घेतली की शेजारचे वर्ग दाराशी येऊन ऐकायचे. मुख्याध्यापिकाबाई एक दिवस आत येऊन उभ्या राहिल्या. शेवटचं कडवं होईपर्यंत थांबल्या आणि मग अगदी शांतपणे म्हणाल्या, बाई, तो 'ग' गणिताचा आहे. आता सांग, यात माझी अक्कल कमी पडली का? मला निरोपच अर्धा मिळाला होता. त्या चिपेचंही तेच. तिला कुणीतरी 'ह' लिहून दिलं असेल, तिने बिचारीने डिकी उघडली. मी त्या इंजिनीयरला स्पष्ट सांगितलं, बदली म्हणजे कमअस्सल नव्हे, बदली म्हणजे जिला नीट सांगायची तसदी कुणी घेत नाही ती. तो इतका घाबरला की त्याने मला पाणी दिलं.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर मनातलंही लिहिते. आईच्या बाबतीतही मी बदलीबाईच आहे. वहिनी माहेरी निघाल्या की तुझा फोन येतो, जरा येऊन राहतेस का. मी येते. औषधाची कुठली गोळी कधी, हे विचारलं की तू म्हणतोस, नेहमीचंच. रात्री आईला काय लागतं? नेहमीचंच. माझ्या हाताला त्या घराची सवय होते न होते तोवर वहिनी परत येतात आणि माझी पिशवी दाराशी येते. वहिनींची तक्रार नाही, त्या करतात तेवढं मला जमायचं नाही. पण माझ्याकडे आई कधी आली? आली ती दोन दिवसांसाठी, एक साडी घेऊन, पाहुणीसारखी पलंगाच्या कडेवर बसून. मला वाईट वाटतं, दादा. तिने माझ्या घरात माझ्यावर हक्काने ओरडावं, माझे डबे तिच्या मनासारखे लावावेत, मला म्हणावं की तुला अजून भाजी चिरता येत नाही. मीसुद्धा तिच्याच पोटची आहे. त्या गाडीच्या पुढच्या सीटकडे पाहूनच मी ती गाडी घेतली, कारण ती उंच आहे आणि आईला वाकावं लागत नाही. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं, कारण तू बॉनेटमध्ये डोकं घालून होतास.

असो. आनंदाची बातमी राहिलीच. इंजिनीयर म्हणाला, की मूळची चिप आता कंपनी वापरणारच नाही, यापुढे नव्या सगळ्या गाड्यांत हीच बसणार. म्हणजे बदलीची बाई कायम झाली! आणि तिच्यासाठी, फिरवून नव्हे, खास तिलाच समजेल असा पहिल्यापासून लिहिलेला अपडेट येणार. तो एकदा झाला की गाडी देवमाणूस. तेव्हा माझी पूर्ण खात्री आहे की ही गाडी लवकरच, अगदी लवकरच, तुझ्या दाराशी ऐटीत उभी राहील. तू फक्त आईची बॅग भरून ठेव आणि दिल्या शब्दाला जाग.

तुझी लाडकी (असं मी समजते),
धाकटी

ता. क. हे पत्र घेऊन येणारे लाँड्रीवाले काका फार चांगले आहेत. त्यांची उलटतपासणी घेऊ नकोस. त्यांनी जे पाहिलं ते ते सांगतील, आणि ते आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.

आणखी ता. क. एका बॅटरीवरून दुसऱ्या बॅटरीला जोडायच्या त्या लाल-काळ्या वायरी तुझ्या गॅरेजमध्ये खुंटीला असतात ना? त्या घे, तुझी जुनी पेट्रोलची गाडी काढ, आणि लाँड्रीसमोरच्या झाडाखाली ये. हसू नकोस. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली आहे, पण या गाडीत तुझ्या गाडीत असते तशीच एक छोटी बॅटरीही असते (हे मला आजच समजलं) आणि चिपांचं पोट तिच्यावर चालतं. तो खास अपडेट आज आला, अर्ध्यावर पोचला आणि छोटी बॅटरी पेंगायला लागली. पडद्यावर लिहून आलं आहे की दार उघडाल तर सगळं पहिल्यापासून, आणि फोनला हात लावू नका. फोन हीच या गाडीची किल्ली आहे. म्हणून पत्र. काच अर्धी उघडी आहे, तेवढ्यातून कागद बाहेर जातो आणि चहा आत येतो. बाहेर ऊन मी म्हणतंय, पण झाडाची सावली दाट आहे.

शेवटचं ता. क. आता खरं सांगते. आईची प्रकृती उत्तम आहे असं मी छातीठोकपणे लिहिलं, कारण आई माझ्या शेजारी बसली आहे. सकाळी तुझ्या घरी गेले होते. वहिनींनी स्वतः तिच्या पायात चपला घातल्या, त्यांना सगळं ठाऊक आहे. आम्ही तुझ्या गॅरेजकडेच निघालो होतो, आईला पुढे बसवून, दाराशी येऊन झोकात हॉर्न वाजवायचा असा बेत होता. आईची साडी घ्यायला इथे थांबलो, आणि पडद्यावर प्रश्न आला, अपडेट आता की नंतर? मी 'नंतर' दाबणार तेवढ्यात आईचं बोट पुढे गेलं. तिने जन्मात कुठलं काम नंतरवर टाकलेलं नाही, हे तुला माहीतच आहे. आता अट मोडली की पाळली ते तू ठरव. माझ्या मते गाडीने कुरकुर केलेली नाही, ती फक्त थांबली आहे. पण तू मोडली म्हणालास तर मी वाद घालणार नाही. संध्याकाळी आईला तुझ्याकडे आणून सोडीन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. आई पेन मागते आहे.

बाळ, वायरी आण. रस्त्यात ओरडू नकोस. मी मजेत आहे. हिच्याशी एवढ्या सलग गप्पा कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या, दार उघडता येत नाही हे बरंच आहे. येताना घरी थांब आणि माझा चष्मा, औषधं आणि माळ्यावरची लोकरीची शाल घेऊन ये. आत्ता नको आहे, थंडीत लागेल.