डाव्या हातातलं घड्याळ

३ मार्च, सोमवार
घड्याळ बंद! नऊ वीसवर काटे थांबलेले आणि मी त्याच्या भरवशावर निवांत. टपाल वाटायला उशिरा निघालो. पोस्टमास्तरांनी सगळ्यांदेखत झापलं. पंचवीस वर्षं नोकरी केली म्हणून याच ऑफिसनं दिलेलं घड्याळ! ही लेकीच्या बाळंतपणाला गेली त्याला तीन दिवस झाले, त्यात हे.

४ मार्च
घड्याळजीनं भिंग लावून पाहिलं आणि झाकण पुन्हा बसवलं. "यात सेल नसतो काका. हात हलला की आतलं चक्र फिरतं, आपोआप चावी बसते. घड्याळ ठणठणीत आहे." हातानं चावी देऊन परत केलं.

६ मार्च
परत बंद.
घड्याळजी हसला. "बसून काम असतं का तुमचं?" पोस्टमन आहे म्हटलं, रोज बारा-तेरा किलोमीटर चालतो. त्याचं हसू गेलं. घड्याळ स्वतःच्या डाव्या हातात बांधलं आणि म्हणाला, "दोन दिवस राहू दे माझ्याकडे."

८ मार्च, शनिवार
त्याच्याकडे एक मिनिटही मागे पडलं नाही. "मी तर दिवसभर टेबलाशी बसून असतो. तुमचा हात हलतो ना नीट?" त्यानं सहजच विचारलं. मी घड्याळ उचललं आणि तडक घरी आलो.

दादाचं असंच सुरू झालं होतं. चालताना एक हात नुसता लोंबायचा. आम्ही चिडवायचो — हात काय भाड्यानं आणलायस? पुढे थरथर. मग शर्टाची बटणं वहिनी लावायची. शेवटी शेवटी घासही तीच भरवायची, आणि दादा आमच्याकडे बघायचा नाही.

छे! माझं तसं नाही. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा असतो, तो हलणार कसा? तेच कारण.

९ मार्च, रविवार
सुट्टी. गठ्ठा नाही, पिशवी नाही. रिकाम्या हातांनी तळ्याभोवती चार फेऱ्या मारल्या. हलवायचा म्हटलं की हात हलतो. लक्ष दुसरीकडे गेलं की गप्प. सावलीत स्पष्ट दिसलं — उजवा मागे-पुढे, डावा बरगडीला चिकटलेला.

भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

घरी येऊन घड्याळ उजव्या हातात बांधलं. हिचा फोन आला. "आवाज असा का येतोय?" सर्दी झालीय म्हटलं.

१२ मार्च
उजव्या हातात लेकाचं तीन दिवस पळतंय. सेकंदाचाही फरक नाही. इतकी वर्षं घड्याळ बिघडू नये म्हणून जपलं, आता ते बिघडलेलं असतं तर बरं, असं वाटतंय.

पार्सलवाला म्हणाला, "म्हातारपणी डावखुरा झालास की काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर बराच वेळ शिक्के मारताना डाव्या हाताकडेच बघत होतो. कापत नव्हता. की होता?

सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं. ही यायच्या आत उरकलं पाहिजे. तिच्या जिवाला घोर नको.

१५ मार्च
ही आज न कळवताच आली. माझ्या उजव्या मनगटाकडे पाहिलं आणि हातातली बॅग खाली न ठेवता दारातच उभी राहिली. "आठ महिने झाले हो," म्हणाली. "सांगायची हिंमतच झाली नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की रोज घड्याळाला चावी मीच देत होते."