कडेला कठीण, मध्ये मऊ

बाबा, तुमचं एक वाक्य मला खोडून काढायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही, कारण तुम्ही बोललात की विषय संपायचा. 'धातू एकजीव पायजे.' खोपोलीच्या फाउंड्रीत हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तुम्ही हे सांगितलंत आणि घरी जेवताना आम्हालाही. सुट्टीत तुमचा डबा घेऊन मी फाटकाशी यायचे आणि तुम्ही मला आत बोलवायचात. पहिला पिस्टन थंड झालेला असतो. तुम्ही त्याला करवतीनं खाच घेता, शिकंज्यात आवळता आणि हातोड्याचा एक घाव घालता. तुटलेला तुकडा दाराच्या उजेडात धरून डोळे बारीक करता. कडेपासून मध्यापर्यंत धातूचा दाणा एकसारखा दिसला तर नुसती मान हलवता. नाही दिसला तर म्हणता, "दोन दाण्यांचा झाला. टाका भट्टीत."

मग मी इंजिनिअरिंगला धातूंचाच विषय घेतला आणि एकदा कॉलेजच्या मॅडम कर्जतच्या आपल्या घरी आल्या. त्यांच्यासमोर मी 'आहे', 'नाही' करत नीट बसले होते आणि मध्येच उठून स्वयंपाकघरात आईला म्हणत होते, "साखर नाय काय गं? दे ना बिगीनं." तुम्हाला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. मॅडम गेल्यावर तुम्ही म्हणालात, "भायेर एक नि आत एक. दोन दाण्यांची झालीस गं तू. असं टिकत नाय." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग मॅडमला काय हाय-नाय करायचं व्हतं तिनं? गप जेवा." तुम्ही गप जेवलात. मला मात्र तो घास आजपर्यंत गिळता आलेला नाही.

आता मी खालापूरजवळच्या एका कारखान्यात मोटारसायकलच्या ब्रेकची डिस्क करते. लोखंडाची नाही, हलक्या अॅल्युमिनियमची. ब्रेक दाबला की पॅड घासतात ते डिस्कच्या कडेला, म्हणून कड कठीण हवी. मधला भाग बोल्टनं चाकाला धरलेला असतो आणि सगळे हिसके तोच सोसतो, म्हणून तिथे चिवटपणा हवा. मग आम्ही असं करतो, की वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये धार लावायच्या दगडात असते तसली कठीण भुकटी मिसळायची आणि तो रस गरगर फिरणाऱ्या साच्यात ओतायचा. भुकटी जड, ती कडेकडे पळते. मध्ये जवळजवळ नुसता धातू राहतो. एकाच ओतकामात कडेला कठीण, मध्ये मऊ, आणि कुठेही जोड नाही. तुम्ही जे भट्टीत परत टाकायचात, ते मी मुद्दाम करते.

गेल्या महिन्यात पूर्ण लॉट चाचणीत चिरला, तोही बोल्टच्या भोकांपाशी. आमचे मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आता एकच लॉट. तोही गेला तर हे काम बंद, आपण परत लोखंडावर." मी एक चिरलेली डिस्क कापून पाहिली, तर भुकटी कडेला गेलेलीच नव्हती. सगळीकडे सारखी पसरली होती, भोकांभोवतीसुद्धा, म्हणून तिथला धातू ठिसूळ झाला होता. ओतकामावर तुमच्याच हाताखाली तयार झालेले मिस्त्रीकाका असतात. मी त्यांच्याकडे गेले.

"काका, साचा हळू फिरवलात?"

"मंग? जोरात फिरवला का सगळा माल कडंला पळतो, ताई. मधी काय ऱ्हातच नाय."

"तो पळायलाच हवा आहे. समजावलं होतं ना मी?"

"समजावलंत खरं. पन आमाला तुमच्या बाबांनी शिकवलंय. धातू एकजीव पायजे. असा माल बघितला असता तर शिव्या घालून भट्टीत टाकायला लावला असता त्यांनी."

"लावला असता," मी म्हणाले, "आणि चुकले असते."

आजूबाजूची पोरं हातातलं काम सोडून बघायला लागली. काका म्हणाले, "बापाला असं बोलता व्हय?"

"पिस्टनला त्यांचं बरोबर होतं. याला चूक आहे. उद्या साचा पूर्ण वेगात फिरणार. मी इथंच उभी राहणार."

उभी राहिले. रस ओतताना काकांचा हात दोनदा वेग कमी करायच्या बटणाकडे गेला. "हात खाली, काका," मी म्हणाले. पहिली डिस्क थंड झाल्यावर मी पिशवीतून तुमचा हातोडा काढला. तुमच्यामागे आईनं तो मलाच दिला होता. खाच घेतली, आवळली आणि घाव घातला. कड कट्कन तुटली. मधला भाग वाकला, पण तुटेना. काकांनी माझ्या हातातून हातोडा घेतला, आणखी दोन घाव घातले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आयला, हे तर आयकतच नाय!" तो लॉट चाचणीला गेला. भोकांपाशी एकही चीर आली नाही. काम चालू राहिलं आहे.

तेव्हा बाबा, दोन दाण्यांचं टिकतं. कारखान्यात माझा आवाज कठीण असतो. संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना तेल चोळताना मी 'नाय गं, हाय गं' करत असते. यातलं कुठलं खोटं, ते तुम्ही मला कधी सांगू शकला नसतात. भट्टीत परत टाकावं असं माझ्यात काहीच नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढंच लिहून ठेवते. त्या दिवशी काकांनी तुमचं वाक्य तुमच्याच सुरात म्हटलं, तेव्हा मला राग आला. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, वाटलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणावं.