चित्र जाते, शब्द जात नाही

माघ शुद्ध पंचमी, केळापूर

कन्या सुनीतीच्या नव्या घरी सुखरूप पोहोचलो. ती व जावई नागपुरास असल्याने सप्ताहभर मौन पाळून भागवताचे एकांत पारायण करण्यास याहून प्रसन्न स्थळ नाही. कपिल नामक तंत्रज्ञाने कॅमेरे, चेहरा ओळखून उघडणारे कुलूप आणि कॅमेऱ्यांचे चित्र दाखवणारा दिवाणखान्यातील पडदा जोडून दिला. तिन्ही निरनिराळ्या कंपन्यांचे. परंतु एका सामायिक मानकामुळे ते परस्परांस समजून घेतात, असे तो म्हणाला. चित्र बिनचूक पोहोचते. आवाज आणि कुलपाची आज्ञा मात्र कधी मध्येच अडते. मौनव्रतास आवाज कशाला, असे मी हसून म्हटले.

मोबाइल राखणदार हरिसिंगाच्या स्वाधीन केला. मी स्वतः दार उघडेपर्यंत हाक मारू नये, अशी ताकीदही दिली. शेजारच्या तांड्यावरचा हा माणूस मिश्कील आहे. म्हणाला, "महाराज, वरतून देव पाह्यते, मोबाइलातून मी पाह्यतो. आता तुमी कुठी पळान?"

षष्ठी

प्रातःकाळी तुळस आणण्यास निघालो. दार उघडले नाही. पडद्यावर माझ्या चेहऱ्याभोवती चौकट उमटते. कुलपापर्यंत ती ओळख जात नाही. खिडक्यांस लोखंडी जाळ्या. अखेर व्रत मोडून ओरडलो, कॅमेऱ्यापुढे दोन्ही हात उंचावले. शेजारच्या कापूस-जिनिंगच्या यंत्रांच्या धडधडीत माझा शब्द बुडाला. फाटकापाशी हरिसिंगाने मोबाइलात पाहिले आणि भक्तिभावाने हात जोडले. मी सूर्यास अर्घ्य देत आहे, असेच त्यास वाटले असावे.

सप्तमी

टाकीतले पाणी संपले. मोटारीची कळ बाहेर. घसा बसला आहे.

पडद्यावर मी आसनावर बसून पोथी वाचत आहे. वस्तुतः मी दारापाशी उभा होतो. जुने चित्र असेल, असे मनास समजावले. परंतु त्याच्या खांद्यावरचे उपरणे फाटलेले आहे. माझे उपरणे आज सकाळीच जाळीत अडकून फाटले.

अष्टमी

तो उठला. पोथी मिटली. पडद्यावर तो दारापाशी, अगदी माझ्या शेजारी — शेजारी कोणीही नाही.

त्याने कॅमेऱ्याकडे तोंड केले. कुलूप खटकन उघडले. मी दार ओढले — बंद.

बाहेर हरिसिंगाचा आवाज. "सुटलं काय मौन, महाराज? चला, तांड्यावर सारे वाट पाहून राह्यले."

त्यास उत्तर मिळाले. माझ्या आवाजात.

त्याच दिवशी

खिडकीतून दिसतो. शेताच्या वाटेने चालला आहे. हरिसिंगाने मोबाइल त्याच्या हाती दिला. आता सुनीतीशी तोच बोलेल —

कॅमेऱ्यापुढे उभा आहे. पडद्यावर खोली रिकामी. हात उंचावले — रिकामी. नारायणा, निदान चित्र तरी —